मॉरिशसला निघालेल्यांसाठी नौपाड्यातील परिचयवर्ग : उपयुक्त, पण अपुरा

दुबई किंवा सिंगापूरच्या तुलनेत नोकरीनिमित्त मॉरिशसला जाणारी मराठी कुटुंबे फारच थोडी असली, तरी ठाण्यात ती अधूनमधून भेटतात. घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांतून कुणी एबेन या तिथल्या कार्यालयांच्या उपनगरातील वित्तीय सेवा कंपनीत लेखापाल म्हणून रुजू होतो, कुणी ग्राँ बे परिसरातल्या हॉटेलच्या मुदपाकखान्यात, तर कुणी तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून. अशा कुटुंबांसाठी नौपाड्यात एक दांपत्य परिचयवर्ग चालवते. वर्गाला पाटी नाही, जाहिरातही नाही. ओळखीतून ओळख निघते आणि शनिवारी दुपारी राहत्या घराच्या दिवाणखान्यात सतरंजीवर आणि खुर्च्यांवर मिळून आठदहा माणसे जमतात. दोघांचेही बरेच आयुष्य मॉरिशसमध्ये गेलेले आहे. शिकणारे त्यांना सर आणि ताई म्हणतात, म्हणून इथेही तीच संबोधने वापरते. शुल्क माणशी नसून कुटुंबामागे आहे, त्यात छापील पुस्तिका मिळते आणि दोन सत्रांमध्ये सगळा विषय संपतो.

हा वर्ग मी निघण्यापूर्वी केला, त्यानंतर एबेनमध्ये लेखा विभागात नोकरी केली आणि आता ठाण्यात परतल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. त्यामुळे वर्गात सांगितलेली कोणती गोष्ट तिथे कामाला आली आणि कोणत्या गोष्टीने उगाच चुकीची अपेक्षा निर्माण केली, हे मला पडताळून पाहता आले. निष्कर्ष आधीच सांगते. मॉरिशसला प्रथमच जाणाऱ्या मराठी माणसाने हा वर्ग अवश्य करावा. मात्र ‘तिथे सगळे आपलेच आहे’ हा जो धागा दोन्ही सत्रांतून ओवलेला आहे, तो वर्गातच सोडून विमानात बसावे.

पहिल्या सत्राची सुरुवात सर नकाशाने करतात आणि ती उत्तम आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ 1,865 चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या ठाणे जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. पूर्वेकडे दूरवर असलेले रोद्रीग बेट आणि इतर लहान बेटे धरली, तरी एकूण क्षेत्र 2,040 चौरस किलोमीटरच्या आसपास राहते. लोकसंख्या साधारण साडेबारा लाख. एकट्या ठाणे महानगरपालिकेची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 18 लाखांवर होती, हे सांगितल्यावर समोरच्या मंडळींचे चेहरे बदलतात, कारण देश म्हटल्यावर जो आकार मनात असतो तो तिथेच गळून पडतो. या लहानपणाचा व्यवहारातला अर्थही सर नेमका सांगतात. माणसे एकमेकांना ओळखतात, कार्यालयातल्या सहकाऱ्याचा मावसभाऊ तुमच्या घरमालकाचा जावई निघतो, आणि रागाच्या भरात बोललेला शब्द दोन दिवसांत बेटाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचतो. तिथल्या नोकरीत मला ही सूचना इतर कोणत्याही सूचनेपेक्षा अधिक वेळा आठवली.

इतिहासाचा भागही सर रंगवून सांगतात. हे बेट निर्जन होते, तिथे मूळ रहिवासी असे कुणीच नव्हते, म्हणजे आज तिथे असलेला प्रत्येक माणूस कुठून तरी आलेल्यांचा वंशज आहे, हा मुद्दा ते आरंभीच ठसवतात आणि तो योग्यच आहे. 1598 मध्ये डच आले, त्यांनी नासाऊच्या मॉरिस या राजपुत्राचे नाव बेटाला दिले, ऊस आणि जावातील हरणे आणली, आणि 1710 मध्ये बेट सोडून गेले. तोपर्यंत डोडो हा न उडणारा पक्षी नाहीसा झालेला होता. 1715 मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला. 1735 मध्ये आलेल्या माए द ला बूर्दोने या गव्हर्नराने पोर्ट लुई बंदराला आकार दिला. 1810 मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले, परंतु शरणागतीच्या अटींमध्ये तिथल्या लोकांना त्यांचे कायदे, भाषा आणि धर्म राखू देण्याचे मान्य केले. दीडशे वर्षांहून अधिक काळ इंग्रजांचे राज्य असूनही तिथली वर्तमानपत्रे आजही मुख्यतः फ्रेंचमध्ये का निघतात आणि दिवाणी कायद्याचा पाया फ्रेंच का आहे, याचे उत्तर या अटींत आहे. करारपत्रे आणि भाडेपट्टे वाचण्याची वेळ आली तेव्हा या माहितीचा मला प्रत्यक्ष उपयोग झाला, कारण घराचा भाडेकरार फ्रेंचमध्ये आला तेव्हा तो विचित्रपणा नसून रीत आहे, हे ठाऊक होते.

इथपर्यंत सत्र भरीव आहे. पुढे मात्र सर घाई करतात. मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा इतिहास ते चहा येण्याआधी आटोपतात. 1 फेब्रुवारी 1835 रोजी गुलामगिरी संपली, हा दिवस तिथे सार्वजनिक सुटीचा आहे, एवढे सांगून ते 2 नोव्हेंबर 1834 कडे वळतात, कारण त्या दिवशी भारतातून करारबद्ध मजूर आले आणि तिथून ‘आपली’ गोष्ट सुरू होते. नुकसानभरपाई मालकांना मिळाली, सुटका झालेल्यांना मिळाली नाही. नैऋत्य टोकाच्या ल मोर्न डोंगरावर पळालेले गुलाम आश्रयाला जात. त्यांना सुटकेची वार्ता सांगायला आलेल्या शिपायांना पाहून त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. आणि 2008 मध्ये युनेस्कोने त्या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. यांपैकी काहीही वर्गात आले नाही. ही उणीव केवळ इतिहासप्रेमी माणसाला खटकणारी नाही. त्या गुलामांचे वंशज, ज्यांना तिथे क्रिओल म्हणतात, ते तुमचे शेजारी, सहकारी, बसचालक आणि मुलांचे शिक्षक असणार आहेत. सेगा हा त्यांचा नाच आणि गाणे, ज्याचा 2014 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला, आणि रावान हे त्यातले चामड्याचे चपटे वाद्य, हे पर्यटकांसाठीच्या हॉटेलात पाहण्याच्या कार्यक्रमापलीकडे काही आहे, हे समजायला हा इतिहास आधी कळावा लागतो.

करारबद्ध मजुरांचा भाग मात्र मी ऐकलेल्या व्याख्यानांपैकी उत्तमांत गणीन. पोर्ट लुईच्या बंदरावरचा आप्रवासी घाट, जिथे उतरलेल्या मजुरांना नोंदणी होईपर्यंत ठेवत, तो सर एका मोठ्या छायाचित्रावरून समजावतात. स्वयंपाकाच्या जागा, स्नानाच्या जागा, दगडी पायऱ्या, सगळे ते बोट ठेवून दाखवतात. 1834 ते 1920 या काळात जवळपास पाच लाख भारतीय या बेटावर आले, त्यांतले काही तिथून पुढे शेजारच्या रेयुनियन बेटाकडे किंवा कॅरिबियनकडे पाठवले गेले, आणि बहुतेक उसाच्या मळ्यांतच राहिले. बहुसंख्य बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले होते, मद्रास बंदरातून तमिळ आणि तेलुगू आले, आणि मुंबई बंदरातून कोकणातली, विशेषतः रत्नागिरीकडची, माणसे गेली. घाटाला 2006 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत, जी 1970 मध्ये स्थापन झाली, या मजुरांच्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. त्यांत जहाजाचे नाव, गाव, वय, अंगावरच्या खुणा आणि अनेकांची छायाचित्रेही आहेत. ताईंनी तिथल्या एका मराठी कुटुंबाला आपल्या पूर्वजाची नोंद शोधायला मदत केली होती. पणजोबांच्या गावाचे नाव इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेले असल्यामुळे ते कोकणातले नेमके कोणते गाव असावे, यावर त्या घरात किती दिवस चर्चा चालली, हे त्या सांगतात तेव्हा दिवाणखान्यात सगळे गप्प होतात.

यानंतर येतो मराठी मॉरिशसचा भाग. इथेच वर्गाचा तोल जातो, असे माझे मत आहे. माहिती खरी आहे. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुटी असते. गणेशोत्सवाची परंपरा 1896 पर्यंत मागे नेली जाते. कोकणातला जाखडी नाच तिथे ‘झाकरी’ या नावाने टिकला आहे, आणि आपल्याकडे शहरात तो आता कलामहोत्सवांपुरता उरलेला असताना तिथे गणपतीपुढे रात्र जागवणारी मंडळे आहेत. प्राथमिक शाळांत मराठी हा ऐच्छिक विषय आहे. एप्रिल 2023 मध्ये मोका येथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. सर हे सगळे अभिमानाने सांगतात आणि ऐकणाऱ्यांची छाती फुगते. परंतु या अभिमानातून नवख्या माणसाच्या मनात जे चित्र उभे राहते ते असे की, विमानतळावरून बाहेर पडल्यावर कुणीतरी मराठीत स्वागत करील आणि परदेशात दापोली सापडेल.

प्रत्यक्षात तिथल्या मराठी समाजातील बहुतेकांची घरातली भाषा क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली बेटावरची बोली, आहे. ज्येष्ठांना आरत्या तोंडपाठ असतात, शाळेत मराठी शिकलेली मुले भाषणस्पर्धेत शुद्ध बोलतात, पण स्वयंपाकघरात आणि भांडणात क्रिओलच चालते, आणि पाचसहा पिढ्यांनंतर याहून वेगळे काही अपेक्षिणे अन्यायाचे ठरेल. शिवाय ‘मराठी’ या ओळखीचा तिथला अर्थ आपल्या अर्थाशी जुळत नाही. तिथे ‘हिंदू’ म्हटल्यावर बोलीभाषेत बऱ्याचदा भोजपुरी किंवा हिंदी परंपरेतला माणूस अभिप्रेत असतो. तमिळ, तेलुगू आणि मराठी यांची मोजदाद वेगळी होते, आणि जनगणनेच्या धर्माच्या रकान्यात काही कुटुंबे ‘मराठी’ असेच लिहितात. आपल्या दृष्टीने भाषा असलेली गोष्ट तिथे एका लहान समाजाचे देऊळ, मंडळ, विवाहसंबंध आणि राजकीय वाटा यांचे नाव आहे. अशा घरी गणपतीला बोलावणे आले की मोदकाची पद्धत किंवा आरतीतला उच्चार सुधारायला निघालेला ठाणेकर पाहुणा किती नकोसा वाटत असेल, याची कल्पना करावी. मी असे पाहुणे पाहिले आहेत आणि त्यांतले काही याच वर्गातून गेलेले होते. यजमानांनी त्यांना हसून प्रसाद दिला, पुढच्या वर्षी बोलावले नाही.

दुसऱ्या सत्राचा पहिला भाग भाषेचा आहे आणि तो सर्वांत कमकुवत आहे. विधिमंडळाची अधिकृत भाषा इंग्रजी असून तिथे फ्रेंचमध्येही बोलता येते, शाळेचे माध्यम आणि कार्यालयीन कागद इंग्रजी, वर्तमानपत्रे आणि दूरचित्रवाणीवरील बरेच काही फ्रेंच, आणि बोलणे जवळपास सर्वांचे क्रिओल, ही रचना ताई नीट मांडतात. त्यानंतर मात्र सारा वेळ फ्रेंचच्या प्राथमिक धड्यांना जातो आणि क्रिओलला पुस्तिकेत जेमतेम अर्धे पान मिळते, तेही ‘मोडकीतोडकी फ्रेंच’ अशा शेऱ्यासह. हा शेरा पुढच्या आवृत्तीतून काढून टाकावा, अशी माझी स्पष्ट सूचना आहे. क्रिओलला स्वतःचे व्याकरण आणि प्रमाणित लेखन आहे, आणि 2012 पासून ती प्राथमिक शाळांत विषय म्हणून शिकवली जाते. नवख्याच्या दृष्टीनेही हिशेब सरळ आहे. फ्रेंच नीट यायला वर्षे लागतात, आणि अर्धवट फ्रेंच बोलणाऱ्याला समोरचा सौजन्याने इंग्रजीत उत्तर देतो. उलट ‘की मान्येर?’ म्हणून ख्यालीखुशाली विचारणारा आणि बाजारात ‘कोंबियें सा?’ म्हणून भाव विचारणारा परदेशी माणूस भाजीवाल्याला तत्काळ जवळचा वाटतो. क्रियापदे पुरुषानुसार बदलत नाहीत, लिंगभेदाची कटकट नाही, त्यामुळे कामापुरती क्रिओल काही महिन्यांत जमते. आपल्यासारखाच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा भेद तिथे ‘तो’ आणि ‘ऊ’ असा आहे आणि वडीलधाऱ्यांशी ‘तो’ वापरल्यास कान टवकारले जातात, इतकी साधी गोष्टसुद्धा वर्गात सांगितली गेली नाही. या अर्ध्या पानाच्या जागी चार पाने आली, तर वर्गाचे मोल दुप्पट होईल.

सणांची दिनदर्शिका हा पुस्तिकेतला देखणा भाग आहे. तमिळांची थैपूसम कावडी, महाशिवरात्र, चिनी नववर्ष, तेलुगूंचा उगादी, रमजान ईद, गणेश चतुर्थी, दिवाळी आणि नाताळ, या सगळ्या दिवशी देशभर सुटी असते, आणि उगादी हाच आपला गुढीपाडवा असल्यामुळे रजा टाकावी लागत नाही, ही ताईंची टिप्पणी व्यवहारी आहे. महाशिवरात्रीला हजारो लोक पांढऱ्या वेशात कावडी घेऊन दिवसेंदिवस चालत ग्राँ बासें येथील गंगा तलावाकडे जातात. तलावाच्या वाटेवरची 108 फुटी शिवमूर्ती वडोदऱ्याच्या सूरसागर तलावातील मूर्तीवरून घडवलेली आहे. वाटेत यात्रेकरूंना पाणी आणि फळे वाटणाऱ्यांत इतर धर्मांचे लोकही असतात. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेर लावाल या कॅथलिक धर्मगुरूच्या समाधीला जाणाऱ्यांत हिंदू आणि मुसलमान कमी नसतात. पोर्ट लुईत चायनाटाउनच्या कडेलाच जुम्मा मशीद आहे. जुलै 2020 मध्ये वाकाशियो हे जहाज आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळावर अडकले आणि ऑगस्टमध्ये त्यातून तेल सांडले, तेव्हा माएबूरच्या किनाऱ्यावर सर्व समाजांच्या लोकांनी उसाचे पाचट कापडात भरून तेल अडवणारे तरंगते बांध शिवले. हे सर वर्गात सांगतात आणि फार चांगले सांगतात.

पण एकोप्याचे चित्र इतके गुळगुळीत ठेवणे हे सेवेचे कर्तव्य मला वाटत नाही. जानेवारी 1968 मध्ये, 12 मार्चच्या स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमान वस्त्यांमध्ये दंगली झाल्या आणि ब्रिटिश फौजा बोलवाव्या लागल्या. फेब्रुवारी 1999 मध्ये काया या लोकप्रिय क्रिओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाल्यावर देशभर दंगल उसळली. राज्यघटनेत लोकांची चार समाजांत वाटणी आहे: हिंदू, मुसलमान, चिनी, आणि ‘राहणीवरून’ या तिघांत न बसणारे सर्वजण, ज्यांना सर्वसाधारण लोकसंख्या म्हणतात. या चौथ्या गटात साखरमळ्यांच्या मालकांचे गोरे वंशज आणि त्याच मळ्यांवरच्या गुलामांचे वंशज एकत्र मोजले जातात. निवडणुकीनंतर 62 निवडून आलेल्या जागांखेरीज आठ जागा या समाजांतील समतोलासाठी हरलेल्यांपैकी चांगली मते मिळवलेल्या उमेदवारांना देण्याची तरतूद आहे. उमेदवाराने समाज जाहीर केलाच पाहिजे या अटीवर 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने आक्षेप घेतला. गंमत अशी की 1972 नंतरच्या जनगणनेत समाजाचा प्रश्नच विचारला जात नाही, त्यामुळे वाटणीचे आकडे आजही 1972 चे आहेत. मी सत्रात याविषयी विचारले तेव्हा सर म्हणाले, “राजकारणात शिरायचे नाही, आपण पाहुणे आहोत.” मताचा प्रश्न असेल तर त्यांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु सहकाऱ्याने चहाच्या वेळी सहज विचारलेला “तू कोण?” हा प्रश्न केवळ नावाचा नसतो, हे समजायला हे राजकारण ठाऊक असावे लागते. भारतातून आलेल्या माणसाला सत्ताधारी बहुसंख्यांचा नातलग समजले जाते, आणि काही क्रिओल सहकाऱ्यांच्या बोलण्यात सुरुवातीला जो सावधपणा असतो त्याचे कारण तिथे आहे. त्याला तोंड देण्याची तयारी वर्ग करून घेत नाही.

खाण्याच्या मध्यंतराबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. ताई डोल पुरी स्वतः करून घालतात. पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून कोरडी वाटायची, हळद आणि जिरे घालून मैद्याच्या पारीत भरायची आणि कागदासारखी पातळ लाटायची. पुरणपोळीची ही तिखटामिठाची मावसबहीण आहे. ती नेहमी जोडीने मिळते, आत मोठ्या पांढऱ्या वालाची भाजी, रूगाय म्हणजे टोमॅटोचा दाट रस्सा आणि कोथिंबिरीची चटणी घालून गुंडाळून देतात. शाकाहारी माणूस मॉरिशसमध्ये उपाशी राहात नाही, याचा हा चविष्ट पुरावा आहे. लग्नाला केळीच्या पानावर ‘सेत कारी’ म्हणजे सात भाज्या, मिरची घातलेले वाटाण्याच्या डाळीचे वडे, बाजारात मिळणारे, सब्जा आणि अगर-अगर घातलेले आलूदा हे दुधाचे पेय, ही सगळी नावे पुस्तिकेत आहेत आणि कुठे मांसाचा अंश असू शकतो, हेही लिहिले आहे. सर्वांच्या मेजवानीत गोमांस आणि डुकराचे मांस दोन्ही टाळून कोंबडी आणि मासे ठेवण्याचा जो अलिखित शिरस्ता आहे, तो ताईंनी सांगितला. बहुसांस्कृतिकतेविषयी वर्गात सांगितलेली ही सर्वांत अचूक गोष्ट होती.

व्यवहाराची पाने बहुतांशी विश्वासार्ह आहेत. वेळ भारताच्या दीड तास मागे. वाहतूक डाव्या बाजूने. विजेची खाच ब्रिटिश पद्धतीची तीन चौकोनी पट्ट्यांची. मॉरिशसचा रुपया आपल्या रुपयाच्या दीडपटीहून महाग, त्यामुळे किमती वाचताना मनात गुणाकार करावा. क्यूरपीप, रोझ हिल या पठारावरील गावांत गुरुवारी दुपारी दुकाने बंद होतात आणि संध्याकाळी एकंदर बाजार लवकर आटोपतो. ऋतू उलटे आहेत, आणि जुलैऑगस्टमध्ये क्यूरपीपला स्वेटर लागतो, हे वारंवार सांगूनही माणसे नुसते सुती कपडे घेऊन जातात, असे ताई वैतागून म्हणाल्या. चक्रीवादळाच्या इशाऱ्यांचे पान तर कापून फ्रिजवर लावावे असे आहे. इशाऱ्याच्या चार श्रेणी, तिसऱ्या श्रेणीपूर्वी घरी पोहोचणे, ताशी 120 किलोमीटरचे झोत नोंदले गेले की चौथी श्रेणी आणि मग घराबाहेर पाऊल न टाकणे, पाणी साठवणे, काचांना टेकू देणे, सारे क्रमाने दिले आहे. जानेवारी 2024 मधील बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. ते वादळ पाहिलेल्या माणसाला या पानाची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

जुनी झालेली पाने मात्र दुरुस्त व्हायला हवीत. मेट्रो पोर्ट लुई ते रोझ हिल एवढीच दाखवली आहे, ती 2022 मध्येच क्यूरपीपपर्यंत पोहोचली. फेब्रुवारी 2024 पासून तिथे यूपीआय आणि रुपे सुरू झाले, त्याचा उल्लेख नाही. उलट प्रवासी धनादेश न्यावेत, असा सल्ला अजून छापला जातो. कामाच्या परवान्यावरचे पान सर्वसाधारण आहे आणि त्यावर विसंबू नये. पगाराची किमान अट आणि कागदपत्रांची यादी बदलत असते, ती मालक कंपनीकडून आणि तिथल्या आर्थिक विकास मंडळाकडूनच तपासून घ्यावी.

मुलांसाठी काहीही नाही, ही मोठी उणीव आहे. आठदहा वर्षांच्या मुलाला शाळेत इंग्रजी पुस्तक, फ्रेंच तास आणि मैदानावर क्रिओल असा तिहेरी भार एकदम येतो, आणि हा भार आईवडिलांपेक्षा मूलच आधी पेलते. पण पहिली सहामाही कठीण जाते. आमच्या सत्रात एक आठवीतली मुलगी आईबरोबर आली होती. तिने विचारलेले दोन्ही प्रश्न शाळेविषयीचे होते आणि दोन्हींची उत्तरे “तिथे गेल्यावर कळेल” अशी मिळाली.

जागेविषयी थोडे. स्थानकापासून चालत येणे सोयीचे आहे. राम मारुती रस्त्याच्या बाजूने शनिवारी गाडी आणू नये, लावायला जागा मिळत नाही. पंखा जुना आहे, त्यामुळे मागे बसणाऱ्यांना सरांचा आवाज नीट येत नाही. वर्ग संपल्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात घेतले जाते. हा गट सेवेचा सर्वांत मोलाचा भाग ठरला, कारण घर शोधणे, जुनी गाडी, डॉक्टर अशा प्रश्नांना तिथे राहणारी माणसे उत्तरे देतात. फक्त तिथल्या स्थानिक लोकांविषयी गटात कधीकधी जी शेरेबाजी चालते, ती सरांनी वेळीच थांबवावी.

मधुचंद्रासाठी किंवा आठवड्याच्या सहलीसाठी निघालेल्यांना या वर्गाची गरज नाही. भारतीय पारपत्रावर आधी व्हिसा काढावा लागत नाही, आणि सहल कंपन्या बाकीचे पाहतात. वर्षभर किंवा अधिक राहायला जाणाऱ्यांनी मात्र पहिले सत्र पूर्ण करावे, दुसऱ्या सत्रात क्रिओलविषयी मुद्दाम प्रश्न विचारावेत, आणि नोव्हेंबर ते मेच्या वादळी हंगामात रुजू व्हायचे असल्यास चक्रीवादळाचे पान आधी मागून घ्यावे. ताई ते वेगळे छापूनही देतात.